घोडा, मगर आणि मॅटी

छत्रपती संभाजीनगरात पोलोचा सामना प्रत्यक्ष पाहिलेला माणूस शोधायचा तर दिवस मोडेल. पोलोचा शर्ट घातलेला माणूस मात्र घराबाहेर पाऊल टाकताच दिसतो. वाळूजकडे निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये चढणारे कामगार, घरोघरी पार्सल पोचवणारी पोरं, मोबाइलच्या दुकानातले विक्रेते, वेरूळ-अजिंठ्याला पर्यटक नेणारे गाडीवाले, मैदानावरचे प्रशिक्षक, जयंतीच्या मिरवणुकीतले मंडळाचे कार्यकर्ते या सगळ्यांच्या अंगावर एकाच घाटाचा कपडा असतो. मऊ कॉलर, गळ्यापासून छातीपर्यंत दोन-तीन बटणांची पट्टी, दंडाला धरून बसणारी अर्धी बाही, बारीक जाळी पडल्यासारखं दिसणारं विणीचं कापड आणि छातीच्या डाव्या बाजूला एखादं चिन्ह किंवा नाव. गुलमंडी-औरंगपुऱ्याच्या भागात छपाईची ऑर्डर द्यायला गेलात तर दुकानदार त्याला ‘कॉलर टी-शर्ट’ म्हणतो आणि कापडाला ‘मॅटी’. ब्रँडच्या दुकानात तोच ‘पोलो’ होतो आणि किंमत तिथल्या तिथे चार-पाच पट वाढते.

हा कपडा आला कुठून? ‘पोलोपासून’ हे उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. या शर्टाला एक बाप नाही. त्याचं नाव एका खेळातून आलं, कॉलर दुसऱ्या व्यवहारातून, वीण तिसऱ्या खेळातून आणि छातीवरच्या चिन्हाची कथा तर वेगळीच. म्हणून शर्टाचा एकेक भाग वेगळा काढून त्याचा माग घेतलेला बरा.

नाव: पलाशाचा चेंडू आणि सिलचरचा क्लब

घोड्यावर बसून लांब काठीने चेंडू मारण्याचा खेळ इराणकडून मध्ययुगात हिंदुस्थानात आला, तेव्हा त्याचं नाव चौगान होतं. दिल्लीचा पहिला सुलतान कुतुबुद्दीन ऐबक १२१० मध्ये लाहोरला चौगान खेळतानाच घोड्यावरून पडून मेला. अकबराला या खेळाचं इतकं वेड होतं की अंधाऱ्या रात्रीही तो खेळे. त्यासाठी पळसाच्या लाकडाचा चेंडू करून तो पेटवत असत, कारण हे लाकूड बराच वेळ धुमसत राहतं. काठ्यांच्या टोकांना सोन्या-रुप्याच्या मुठी असत, असं अबुल फजलने ‘आइन-ए-अकबरी’त नोंदवलं आहे. दख्खनच्या चित्रकारांनीही चौगान खेळणाऱ्या राजस्त्रिया रंगवल्या. मात्र या खेळाडूंच्या अंगावर आजच्या शर्टासारखं काहीच नाही. दरबारात घालायचा तोच जामा, तोच कमरपट्टा. खेळासाठी म्हणून वेगळा कपडा असावा ही कल्पनाच अजून जन्मायची होती.

मैदानी मुलखातून चौगान हळूहळू ओसरला, पण डोंगराळ टोकांना टिकला. मणिपूरमध्ये त्याचं रूप ‘सगोल कांगजेई’. प्रत्येक बाजूला सात खेळाडू, छोटी चपळ तट्टं आणि इंफाळचं जुनं मैदान. शेजारच्या कछारमध्ये नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि चहामळेवाल्यांनी हा खेळ तिथल्या मणिपुरी लोकांकडून उचलला. रॉबर्ट स्टुअर्ट आणि जोसेफ शेरर यांच्या पुढाकाराने १८५९ मध्ये सिलचरला पहिला पोलो क्लब निघाला. पुढच्या तीन-चार वर्षांत कलकत्त्यात क्लब झाला, १८६९ मध्ये लंडनजवळच्या हाउन्स्लो इथे हुजार पलटणीच्या अधिकाऱ्यांनी पहिला सामना खेळला आणि नियमांची पुस्तकं छापून खेळ पुन्हा हिंदुस्थानच्या छावण्यांत परतला.

त्या छावण्यांपैकी आपल्या जवळची म्हणजे निजामाच्या मुलखातली. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, छावणी हैदराबाद कंटिंजेंट या फौजेची. १८५७ मध्ये इथल्याच घोडदळाने बंडाचं निशाण उभारलं आणि त्याची आठवण क्रांती चौकाच्या नावात राहिली. या फौजेच्या घोडदळातून पुढे आलेले अफसर-उल-मुल्क निजामाच्या सैन्याचे सरसेनापती झाले. त्यांच्या गोवळकोंडा ब्रिगेडचा पोलो संघ त्या काळी नावाजलेला होता. १८९६ मध्ये मुंबईला उतरलेल्या चौथ्या हुजार पलटणीने पूना लाइट हॉर्सची तयार घोडी विकत घेतली आणि पन्नास दिवसांच्या आत हैदराबादेत याच गोवळकोंडा संघाला हरवून सगळ्यांना चकित केलं. त्या विजयी संघात विन्स्टन चर्चिल नावाचा एक तरुण लेफ्टनंट होता आणि पुढे आपल्या आत्मचरित्रात त्याने हा सामना मोठ्या अभिमानाने सांगितला.

हे सगळं सांगायचं कारण एकच. शर्टाला पोलोचं नाव मिळालं त्यामागे खेळाची ही प्रतिष्ठा आहे. घोडी बाळगण्याची ऐपत, पलटणीचा रुबाब, राजेरजवाड्यांची संगत. जोधपूरच्या सर प्रताप सिंगांनी १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाला जाताना नेलेली तंग पोटऱ्यांची विजार जगभर ‘जोधपूर’ झाली, ती याच प्रतिष्ठेपायी. पोलोचं नाव लागलं की कपड्याचा भाव वाढतो, हा धडा व्यापाऱ्यांनी तेव्हाच गिरवला.

कॉलर: वाऱ्याला घातलेला बांध

हिंदुस्थानातल्या पोलो खेळाडूंनी कॉलरला बटणं लावली आणि तिथून पोलो शर्ट सुरू झाला, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. गोष्ट गोड आहे, पण तिच्यात दोन वेगळे शर्ट एकत्र शिवले गेले आहेत.

भरधाव घोड्यावर खेळताना लांब कॉलरची टोकं उडून तोंडावर येतात. ती शर्टाला अडकवून ठेवणं ही साधी गरज होती. न्यूयॉर्कच्या ब्रुक्स ब्रदर्स या कापडपेढीच्या कुटुंबातला जॉन ब्रुक्स १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये पोलो पाहायला गेला, तिथे खेळाडूंच्या कॉलरी बटणांनी खाली बांधलेल्या त्याने पाहिल्या आणि घरी परतून तसे शर्ट बाजारात आणले, अशी ती पेढी आपली कुळकथा सांगते. म्हणजे ज्या वर्षी चर्चिल हैदराबादेत जिंकत होता, त्याच वर्षी. अमेरिकेत पुढे अनेक वर्षं ‘पोलो शर्ट’ म्हणजे हाच, लांब बाहीचा, विणलेल्या नव्हे तर मागावरच्या कापडाचा, कॉलरला दोन बटणं असलेला शर्ट. आज आपण त्याला ‘बटण-डाउन’ म्हणतो आणि ऑफिसात घालतो.

दुसरा दावेदार लुईस लेसी. अर्जेंटिनात वाढलेला हा पोलोपटू ब्युनोस आयर्समध्ये कपड्यांचं दुकान चालवायचा. १९२० च्या दशकात त्याने छातीवर घोडेस्वार भरलेले शर्ट विकले, असं सांगतात. या दोन्ही कथा मान्य केल्या तरी वाळूजच्या बसमधला शर्ट अजून जन्मलेला नाही. ब्रुक्सकडे कॉलर आहे, लेसीकडे चिन्ह आहे, पण विणीचं कापड, अर्धी बाही आणि डोक्यातून घालायचा गळा कोणाकडेच एकत्र नाही.

तरीही कॉलरचा धागा सोडून चालणार नाही, कारण शर्ट टिकला तो तिच्यामुळे. टी-शर्टपेक्षा या कपड्याला जास्त मान मिळतो, त्याचं कारण कापडात नाही, गळ्यात आहे. मुंबई-पुण्याच्या जिमखान्यांत आजही बिनकॉलरच्या टी-शर्टाला भोजनगृहात मज्जाव असतो आणि कॉलरवाल्याला मुभा. क्लबांची पोशाखाची शिस्त किती ताठ असते हे मकबूल फिदा हुसेन अनवाणी गेले म्हणून १९८८ मध्ये मुंबईच्या विलिंग्डन क्लबने त्यांना परत पाठवलं, तेव्हा साऱ्या देशाने पाहिलं. अशा जगात मऊ कॉलर हा परवाना ठरतो. घाम गाळणाऱ्या माणसाला ती सभ्यांच्या रांगेत उभं राहू देते. आपल्याकडच्या कार्यालयांनी, दुकानांनी, कारखान्यांनी हाच परवाना उचलला. पाहुणा आला तरी चालेल आणि यंत्रापाशी वाकायचं असलं तरी चालेल, असा कपडा त्यांना हवा होता.

वीण: टेनिसच्या मैदानावरची सुटका

१९२० च्या दशकातला टेनिसपटू खेळायला उतरे तो जवळजवळ लग्नाच्या कपड्यात. लांब बाहीचा, खळ घातलेला पांढरा शर्ट, लोकरी फ्लॅनेलची लांब विजार, काहींच्या गळ्यात टायसुद्धा. बाह्या वर गुंडाळायच्या, त्या खेळताना सुटायच्या. घामाने शर्ट पाठीला चिकटायचा. त्या काळच्या पुरुषांना विजार आखूड करायलाही १९३० चं दशक उजाडावं लागलं. बनी ऑस्टिन विम्बल्डनला अर्ध्या विजारीत उतरला ते १९३३ मध्ये.

फ्रान्सचा रेने लाकोस्त त्याआधीच शर्टाकडे वळला होता. १९०४ मध्ये जन्मलेला हा खेळाडू ताकदीपेक्षा हिशेबाने खेळणारा. त्याने फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन मिळून एकेरीची सात मोठी विजेतेपदं मिळवली. पोलो खेळणाऱ्या एका इंग्रज उमराव मित्राला टेनिसच्या मैदानावर पोलोच्याच शर्टात पाहून आपल्याला कल्पना सुचली, असं त्याने उतारवयात सांगितलं होतं. १९२६ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन स्पर्धा जिंकताना त्याच्या अंगात अर्ध्या बाहीचा, सुती विणीचा, मऊ कॉलरचा पांढरा शर्ट होता.

या शर्टाचा खरा शोध कापडात आहे. मागावरचं कापड उभ्या-आडव्या धाग्यांचं. ते ताणलं तर फार तर तिरकं सरकतं. विणीचं कापड धाग्याच्या फासांचं असतं, एकमेकांत अडकवलेल्या फासांची रांगच. हात वर केला की फासे मोकळे होतात, खाली आणला की पुन्हा बसतात. लाकोस्तने वापरलेल्या ‘पिके’ विणीत काही फासे मुद्दाम दुमडून ठेवतात, त्यामुळे वरच्या बाजूला बारीक खळगे आणि उंचवटे येतात. कापड अंगाला पूर्ण चिकटत नाही, मध्ये हवा खेळते. आपल्या बाजारात ‘मॅटी’ म्हणून जे मिळतं ते याच जातीचं. हातात घेऊन उजेडाकडे धरलं तर मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी दिसते.

अंगाला सुख आणि बाहेरून मान, ही अडचण औरंगाबादच्या विणकरांना मात्र नवी नव्हती. या शहराचं नाव ज्या कापडांनी देशभर नेलं, त्यांतलं मशरू नेमकं याच पेचातून जन्मलं. अंगाला रेशीम लागणं मुसलमान पुरुषांना वर्ज्य आणि रेशमाची झळाळी तर हवी. मग विणकरांनी उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा घेऊन अशी वीण बसवली की रेशीम फक्त वरच्या बाजूला दिसावं आणि अंगाला सूतच लागावं. परंपरा सांगते की मुहम्मद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादला आणली तेव्हा हे कसबी विणकर इकडे आले. मशरू आणि हिमरूचे माग आता मोजकेच उरले आहेत. पण कापडाच्या दोन बाजूंना दोन वेगळी कामं द्यायची, ही जाण लाकोस्तच्या कित्येक शतकं आधी इथे होती.

लाकोस्तच्या शर्टाची आणखी एक खूण म्हणजे मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी लांब आणि दोन्ही कडांना चीर. सर्व्हिस करताना हात वर गेला तरी शर्ट विजारीतून निसटू नये म्हणून ही शेपटी. आज महागड्या ब्रँडच्या शर्टाला ती दिसते, स्वस्त ऑर्डरीत बहुधा छाटलेली असते. कापड वाचवायचं तर पहिला वार शेपटीवरच होतो.

चिन्ह: हरलेल्या पैजेची मगर

छातीवरची मगर एका हरलेल्या पैजेतून आली. १९२३ मध्ये डेव्हिस चषकासाठी फ्रेंच संघ बोस्टनला होता. सामना जिंकलास तर मगरीच्या कातड्याची सूटकेस देईन, असं संघनायकाने लाकोस्तला सांगितलं. तो हरला, सूटकेस गेली, पण अमेरिकन वार्ताहरांनी त्याला ‘मगर’ म्हणायला सुरुवात केली आणि प्रतिस्पर्ध्याला सोडत नाही म्हणून ते नाव चिकटलं. रोबेर जॉर्ज या मित्राने मगरीचं चित्र काढून दिलं आणि ती १९२७ च्या सुमारास त्याच्या कोटावर भरली गेली. १९३३ मध्ये आंद्रे जिलिए या विणमालाच्या मोठ्या कारखानदाराबरोबर लाकोस्तने कंपनी काढली, तेव्हा मगर शर्टाच्या बाहेरच्या बाजूला, छातीवर आली. त्याआधी कपड्याच्या कारखानदाराची खूण बहुधा गळ्याच्या आतल्या पट्टीवर असे, इतरांना न दिसणारी. लाकोस्तने ती रस्त्यावर आणली. शर्टाचं सांकेतिक नाव एल.१२.१२. म्हणजे लाकोस्त, पहिल्या जातीचं पिके कापड, आखूड बाहीसाठी २ आणि पसंत पडलेला बारावा नमुना.

पुढच्या मंडळींनी या जागेचं मोल ओळखलं. १९३४ ते १९३६ अशी सलग तीन वर्षं विम्बल्डन जिंकणारा फ्रेड पेरी १९५२ मध्ये पुष्पचक्राचं चिन्ह घेऊन आला. कॉलरच्या कडेने रंगीत रेघा ही त्याच्या शर्टांची ओळख झाली. आपल्याकडचा दुकानदार ऑर्डर घेताना ‘टिपिंग टाकायची का?’ विचारतो, ती हीच. पेरी कामगारवर्गातल्या घरातला होता आणि इंग्लंडच्या गल्ल्यांतल्या पोरांनी त्याचा शर्ट आपलासा केला. उमरावांच्या खेळाचा कपडा खाली उतरायला तिथून सुरुवात झाली.

मग १९७२ साल आलं. मराठवाड्यात ते दुष्काळाचं, रोजगार हमीच्या खडी फोडण्याचं वर्ष. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये राल्फ लॉरेनने ‘पोलो’ नावाखाली चोवीस रंगांत सुती विणीचे शर्ट आणले, छातीवर काठी उगारलेला घोडेस्वार. लॉरेनने टाय विकून धंदा सुरू केला होता. पोलो त्याच्या घरात कधी खेळला गेला नव्हता. पण टेनिसच्या शर्टाला त्याने पोलोचं नाव आणि पोलोचा घोडा जोडला आणि जगाने तेच नाव कायम केलं. पुढे अमेरिकन पोलो संघटनेच्या नावाचा ब्रँड अरविंद कंपनीमार्फत भारतात आला आणि आपल्या शहरांतल्या मॉलमध्ये दुहेरी घोडेस्वार टांगले गेले.

चिन्हाची किंमत एवढी वाढली की त्यावरून खटले झाले. सिंगापूरच्या क्रोकोडाइल कंपनीची मगर डावीकडे पाहते आणि लाकोस्तची उजवीकडे. दोघी भारतात समोरासमोर आल्या आणि २००१ पासूनच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी २०२४ मध्ये लाकोस्तच्या बाजूने निकाल दिला. तिकडे बाजारात तिसरी, चौथी, पाचवी मगर शेकड्याने विकली जात होतीच. तिचं तोंड कुठेही असलं तरी गिऱ्हाइकाला फरक पडत नाही.

रंग: पांढऱ्याचा भंग

लाकोस्तचा पहिला शर्ट पांढरा, कारण टेनिस पांढऱ्यात खेळायचं. रंग आले ते १९५१ पासून. आपल्याकडे हा कोष फोडला क्रिकेटने. केरी पॅकरच्या ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेत १९७९ मध्ये रंगीत कपडे आले आणि लोक हसले. १९८५ मध्ये मेलबर्नला सुनील गावसकरांच्या संघाने जागतिक अजिंक्यपद जिंकलं ते फिकट निळ्या कपड्यांत, आणि दूरदर्शनवर तो निळा रंग घराघरांत पोचला. १९९२ च्या विश्वचषकात सगळेच संघ रंगीत झाले. खेळाडूचा शर्ट कॉलरचाच राहिला, पण रंग हा संघाचा असतो आणि तो चाहत्यालाही घालता येतो, हे कळल्यावर गल्लीतल्या टेनिसबॉल स्पर्धांपर्यंत लोण पोचलं. आज संघाचं नाव, प्रायोजक पतसंस्थेचं नाव आणि नगरसेवकाचा फोटो एकाच पॉलिस्टरच्या शर्टावर छापून मिळतो.

याच वाटेने मंडळं आली. जयंतीला निळे, शिवजयंतीला भगवे, गणपतीला मंडळाच्या पसंतीचे. पोलोच्या मैदानावर रंग पलटण ओळखायला होता. इथे तो आपली माणसं ओळखायला आहे. काम बदललेलं नाही.

गणवेश: वाळूजचा शर्ट

चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आधीची, पण शहराचं रूप पालटलं वाळूजने. १९८० च्या दशकाच्या मध्यावर बजाज ऑटोचा कारखाना तिथे सुरू झाला, सुट्या भागांचे पुरवठादार मागोमाग आले आणि बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, पंढरपूर ही नावं नोकरीच्या पत्त्यांवर आली. नंतर शेंद्र्याची वसाहत आली, ऑरिक ही औद्योगिक नगरी आली. जुना कारखानी गणवेश म्हणजे टेरिकॉटचा खाकी किंवा निळा शर्ट. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपलीकडे गेला की तो भट्टीच. हळूहळू विणीच्या कॉलर टी-शर्टने त्याची जागा घेतली. इस्त्री लागत नाही, सकाळी धुतलेला रात्रपाळीला वाळतो, मापं चार-पाच ठेवली की पुरतात आणि छातीवर कंपनीचं नाव यंत्रावर भरून मिळतं.

इथे छातीवरच्या त्या जागेचा इतिहास पूर्ण होतो. लाकोस्तने तिथे स्वतःचं नाव लावलं, कारण शर्ट त्याचा होता. लॉरेनच्या गिऱ्हाइकाने पैसे देऊन दुसऱ्याचं नाव लावून घेतलं, कारण त्याला त्या नावाचा मान हवा होता. वाळूजच्या कामगाराच्या छातीवर ज्याचं नाव आहे, त्याने त्याला तो शर्ट दिला आहे. अनेक कारखान्यांत शर्टाच्या रंगावरून कायम कोण, कंत्राटी कोण आणि शिकाऊ कोण हे लांबूनच कळतं. पोलोच्या मैदानावर ज्याच्याकडे घोडी होती त्याचा मान होता. इथे कॉलर सगळ्यांना सारखी आहे, मान रंगावर ठरतो.

आणि कापड? खरेदी विभाग भाव पाडतो तेव्हा सुती मॅटीची पीसी मॅटी होते, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेली, आणि आणखी भाव पाडला की निव्वळ पॉलिस्टरची. पॉलिस्टर लवकर वाळतं हे खरं, पण घाम शोषत नाही. दिसायला जाळी तीच, वजनही चौरस मीटरला दोनशे ग्रॅमच्या आसपास तेच, पण उन्हाळ्यातल्या दुपारच्या पाळीत फरक पाठीला कळतो. लाकोस्तने ज्या कारणासाठी खळीचा शर्ट टाकला, ते कारणच या शर्टातून काढून घेतलं जातं. उरते ती फक्त कॉलर.

हा शर्ट बहुधा तिरुपूरहून येतो. देशाच्या विणमालाचं सगळ्यात मोठं केंद्र तमिळनाडूतलं हे शहर. गोल विणयंत्रं, रंगाईचे कारखाने, शिलाई, भरतकाम सगळं एकाच परिसरात. तिथल्या सूतगिरण्यांत जाणाऱ्या गाठींमध्ये महाराष्ट्राचा कापूस असतोच. मराठवाड्याची काळी जमीन पिढ्यान्पिढ्या कापसाची. १८८९ च्या सुमारास औरंगाबादेत कापडगिरणी निघाली ती इथल्या कापसाच्या जोरावर. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ चंच, आणि नांदेडच्या संशोधन केंद्रातला ‘नांदेड ४४’ हा संकरित वाण शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं पेरला. म्हणजे कापूस इथून जातो, दक्षिणेत त्याचं सूत, वीण आणि शर्ट होतो आणि शर्ट परत इथल्याच कामगाराच्या अंगावर येतो. बोंड वेचणारी बाई आणि शर्ट घालणारा तिचा मुलगा एकाच तालुक्यातले असू शकतात. मधली सगळी मजुरी मात्र दुसऱ्या राज्यात मोजली जाते.

मग शर्ट कोणाचा?

हिशेब मांडायचा तर खेळ मणिपूरचा, नाव सिलचर-हैदराबादच्या घोडदळी प्रतिष्ठेचं, कॉलरची कल्पना पोलोची आणि तिचा धंदा न्यूयॉर्कचा, वीण-बाही-शेपटी-चिन्ह लाकोस्तचं, रेघ पेरीची, आणि नाव परत घोड्यावर बसवलं ते लॉरेनने. आजच्या घाटाचा शर्ट कोणी बनवला, एवढंच विचारलं तर उत्तर लाकोस्त. पोलो खेळाडूंनी त्याला गरज दाखवली आणि नाव दिलं. शर्ट त्यांनी दिला नाही.

पण मागोवा घेऊन एवढंच कळलं असतं तर फारसं काही साधलं नसतं. या शर्टाच्या प्रत्येक वळणावर प्रश्न एकच होता: घाम गाळणाऱ्या अंगाला सुख द्यायचं की बघणाऱ्याच्या नजरेला मान? लाकोस्तचा शर्ट चालला, कारण त्याने दोन्ही दिलं. म्हणून गणवेशाची, मंडळाची, शाळेच्या क्रीडादिनाची ऑर्डर देणाऱ्यांना एक विनंती आहे. भाव ठरवताना आधी छातीवरच्या नावाचा आकार विचारू नका, कापडात सूत किती टक्के ते विचारा आणि तेवढं बिलावर लिहून घ्या. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कच्च्या कापसावर राज्यातच होणारी प्रक्रिया ३० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांना दरवर्षी लागणारे शर्ट ही त्यासाठी हाताशी असलेली, खात्रीची मागणी आहे. जिथे कापूस पिकतो, जिथे मशरू विणलं गेलं आणि जिथे शर्ट घालणारी एवढी माणसं आहेत, तिथे गोल विणयंत्रंही बसायला हवीत.